उसनी ब्युरेट

पहिलं हेड मी मारलं.
हे आधीच सांगून टाकते,
नाहीतर पुढचं सगळं शहाणपण वाटेल.

तिसरं एक्झॉस्ट पोर्ट, रविवारची दुपार,
दांडिया बाजारातल्या आमच्या जिन्याखाली
हातात डाय ग्राइंडर, डोळ्यांवर लॅबचाच चष्मा,
आणि व्हॉल्व्ह गाइडमागचं ते कुबड
अजून थोडं, अजून केसभर—
टोक एकदम हलकं झालं.
तांदळात हात खुपसावा
आणि डब्याला तळच नसावा, तसं.
टाचणीच्या डोक्याएवढं भोक.
पलीकडे पाण्याची वाट.

श्रीरंग म्हणाला, वेल्डिंग होतं याला.
मी म्हटलं, नको. करवत आण.

दोन संध्याकाळी आळीपाळीने उभं कापलं.
आत बघते तर
जिथे भीत भीत फिरवत होते
तिथे चांगली बोटभर भिंत,
आणि जिथे बिनधास्त दाबलं
तिथे पुठ्ठ्याएवढी.
तो अर्धा तुकडा अजून फ्रिजवर आहे.
शेजारच्या मृदुलाबेन त्याला शोपीस समजतात.

दुसरं हेड छाणी रोडच्या भंगारातून,
बाराशे रुपये, किलोवर नाही, नगावर.
निळी शाई फासली, गॅस्केट ठेवलं,
सुईने रेघ ओढली.
रेघेच्या आत राहायचं.
शाळेत मला हे कधी जमलं नव्हतं.

मकरपुऱ्याच्या हसमुख पंचाळांनी सीट कापून दिल्या,
तळ अर्धा मिलिमीटर घासून दिला,
इनटेकमध्ये बोट घालून चाचपलं.
"बेन, बहु चमकाववानुं नहीं.
इथे खरबरीत राहू दे,
नाहीतर पेट्रोल भिंतीला टेकून झोपतं."
एक्झॉस्ट मात्र आरशासारखं चालेल.
पैसे मोजताना विचारलं, गाडी कुठली?
मारुती आठशे, कार्ब्युरेटरवाली.
"रेस मारवानी छे?"
नाही हो. तिचा दम कुठे अडकतो
तेवढं बघायचंय.

सहा व्हॉल्व्ह. काठीला रबरी चोखणी लावून
दोन तळव्यांत रवीसारखी घुसळायची.
पेस्ट आधी करकरते,
मग आवाज सरसर होतो,
मग उचलून बघायचं:
करडी, बारीक, सलग कडी.
कुठे तुटली असेल तर पुन्हा.
पाचव्याला चार वेळा पुन्हा.

आणि मग मी कॉलेजची ब्युरेट घरी आणली.
अठरा वर्षं प्रयोगशाळेत
दुसऱ्यांसाठी ब्युरेटी भरत आलेय,
पोरांना सांगत आलेय:
डोळा पातळीला आणा, खालची कड वाचा.
हेड उलटं ठेवलं, अॅक्रिलिकची चकती,
कडेला ग्रीस, भोकातून लाल स्पिरिट
थेंब थेंब.
पहिलं घर सत्तावीस पूर्णांक चार.
दुसरं सत्तावीस नऊ.
तिसरं परत चार.
एका ताटात जेवलेले तीन भाऊ,
मधल्याच्या पोटात अर्धा घास जास्त.
बाकी दोघांना पॉलिश पेपरने खरवडत बसले.
दूधवाला आला तेव्हा
तिघेही नऊवर होते.

सुरू झाली, तेव्हा चमत्कार वगैरे काही नाही.
थंडीत कुरकुरली, एकदा बंदही पडली.
श्रीरंगने बॉनेटवर कान ठेवला:
"आधीसारखीच आहे."

रात्री साडेदहाला वाघोडियाच्या रस्त्यावर
तिसऱ्या गिअरमध्ये,
जिथे ती दर वेळी धाप टाकायची
तिथे तिने टाकली नाही.
श्रीरंगने काच खाली केली.
पुढच्या वळणापर्यंत दोघंही गप्प.

सोमवारी माझ्या केसांतून
अॅल्युमिनियमचा एक कीस
टायट्रेशनच्या वहीवर पडला.
ब्युरेट तीनदा धुऊन स्टँडला लावली.
रजिस्टरात "कशासाठी नेली" असा रकाना आहे.
पेन धरून जरा वेळ बसले.
मग लिहिलं: घरकाम.